बाकीच्यांनी ऐका!

नेने मास्तर वर्गात प्रश्न विचारताना मान फक्त पहिल्या बाकाकडे वळवायचे. त्यामागे जणू भिंतच होती. "सांग रे दामले, ध्रुवावर सहा महिने रात्र का?" दामले उठायचा, घडाघडा सांगायचा. मग मास्तर त्या भिंतीला उद्देशून म्हणायचे, "बाकीच्यांनी ऐका!"

हे 'बाकीचे' म्हणजे शेलार-टेमघर या गावांहून चालत येणारी, घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरून शाळा गाठणारी पोरं.

भिवंडीतल्या त्या शाळेत मी नवा शिक्षक होतो आणि अन्याय दिसला की पत्रक काढायचं, ही माझी सवय जुनी होती. इथं तर अन्याय शेजारच्या वर्गात रोज घंटा वाजवून सुरू व्हायचा! मी थेट विचारलं, "मास्तर, ज्याला कधी विचारलंच नाही त्याला येत नाही, हे कळलं कसं?"

"अहो क्रांतिवीर, चेहऱ्यावरून कळतं."

"चेहऱ्यावरून म्हैस घेतात!"

"मग? फसतात का घेणारे?"



टेमघरची मंजुळा त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर. एकदा तिचा बाप आला. "गुर्जी, पोरगी बोलते का न्हाय वर्गात?"

"शांत आहे हो. गरीब गाय."

"मंग काय उपेग? सहामाही झाली का बसवतो कांड्यांवर."

मास्तरांनी नुसती मान हलवली. माझ्या गणिताच्या तासाला हीच गाय शिंगं रोखून भांडायची! त्याच रविवारी संध्याकाळी भांडायला मी त्यांच्या खोलीवर गेलो. लाइट गेल्यानं खालचे लूम बंद होते. आतून आवाज आला.

"भात टाकू का?"

"टाका की."

"लोणचं संपलं वाटतं?"

"कालच संपलं."

पाहुणे असतील म्हणून थांबलो. मग दार लोटलं. आत एकटे मास्तर, समोर स्टोव्ह. ते लाजले. तयार करून आणलेली भांडणाची वाक्यं मी बाजूला ठेवली. मंजुळा माझ्या तासाला बोलते, तिला विचारून बघा, एवढंच बोललो.

त्यांनी भात ढवळला. "पूर्वी सगळ्यांना विचारायचो हो. पण प्रश्न विचारला आणि कोणीच काही बोललं नाही ना, की वर्गातसुद्धा घरी आल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात मुद्दाम रेंगाळलो.

"मंजुळा, पाऊस पडला की गांडुळं वर का येतात?"

ती उठली. गप्प. दामलेचा हात वर. "खाली घे," मास्तर म्हणाले. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. तरी ते वाट पाहत होते.

"त्यांच्या घरात पानी भरतंय, गुर्जी!" लूमच्या खडखडाटात बोलावं तशी ती ओरडली. पोरं खो खो हसली.

मास्तर खुर्ची ओढत तिच्या बाकाशी गेले. "मग गं? मग कुठं राहतात ती?"

पुस्तकात हे नव्हतं. ते खरंच विचारत होते.

शाळा सुटल्यावर मास्तर टेमघरच्या रस्त्याला लागले. मी बरोबर निघालो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तुम्ही नका येऊ. पोरीला शाळेत राहू द्या म्हटलं तर तिचा बाप काय म्हणेल ठाऊक नाही. पण विचारतो."