पाहुणे दारात आडवे

प्लंबर पाने-पकडी पिशवीत भरून निघाला आणि दारापर्यंत जाऊन परत आला.

"वहिनी, कुत्रं जरा बाजूला घेता का?"

"काही करत नाही तो," बाळाच्या मुठीतला नळाचा जुना वायसर सोडवत सूनबाई म्हणाली.

"तेच सांगतोय. काहीच करत नाही. उठतसुद्धा नाही."

सूनबाईने डोकावून पाहिलं. दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि त्या दाराला पाठ लावून पाहुणे आडवे झाले होते. डोकं चौकटीच्या एका बाजूला, शेपूट दुसऱ्या बाजूला. मध्ये जी काही पांढरी लोकर होती तिच्यात एका माणसाचं अंथरूण सहज झालं असतं.

'पाहुणे' हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. शनिवारी संध्याकाळी प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताई त्याला घेऊन आल्या. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "हे कुत्रं आहे?" फोटोत अंदाज आला नव्हता. फोटोत हिरव्या गवतावर लोकरीच्या गुंड्यासारखा एक जीव बसला होता आणि शेजारी मापाला दुसरं काहीच नव्हतं. नवऱ्याने फोटो बघून हो म्हटलं होतं. प्रत्यक्षात कुत्रा जिन्यावरून वर आला तेव्हा त्याच्या मागे ताई आहेत, हे कळायलाच वेळ लागला.

त्याला दोन दिवस सांभाळणं हे पुण्यकर्म होतं, यात शंका नाही. मेंढ्यांच्या कळपाची राखण करणारी ही जात. मालकाने मेंढ्या विकल्या आणि राखणदार तेवढा उरला. मग दोन घरांनी त्याला हौसेने नेला आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडला. संस्थेच्या पिंजऱ्यात त्याने अन्न टाकलं. आता एका मेंढीवाल्या साहेबांनी त्याला न्यायचं कबूल केलं होतं. ते सोमवारी सकाळी ट्रक घेऊन येणार होते. प्रश्न फक्त तोवरचा. सूनबाईने ताईंना सगळं विचारून घेतलं होतं. चावतो का, केस गळतात का, बाळाला चाटलं तर काय करायचं. दोन घरांनी परत का केला, हे तेवढं विचारायचं राहिलं.

आणि त्याच सोमवारी दहा वाजता सूनबाईला कामावर हजर व्हायचं होतं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. बाळंतपणाची रजा संपली होती, वाढवून घेतलेली रजाही संपली होती, आणि तिथल्या मॅडमनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "दहाला आलीस तर खुर्ची तुझी. नाही आलीस तर तुझ्या जागी घेतलेली मुलगी तिच्यावर बसलेलीच आहे." त्यामुळे सूनबाईने रविवारचा दिवस घर बाळापासून आणि बाळ घरापासून वाचवण्यात घालवला. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज लावले, औषधं माळ्यावर टाकली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. ओल्या फरशीवर सासूबाई बाळासकट घसरतील, हे चित्र तिला लख्ख दिसलं आणि तिने सोमवारी सकाळीच प्लंबरला बोलावलं.

"हट्. चल, ऊठ," असं म्हणत नवरा हेल्मेट घालून पुढे आला. त्याने पाहुण्यांचा पट्टा धरून ओढलं. मग कमरेत वाकून ओढलं. मग हेल्मेट काढून ओढलं. पाहुण्यांनी एक डोळा उघडला आणि तोही मिटला.

"बिस्किट दाखव," सासूबाई म्हणाल्या.

पाहुण्यांनी बिस्किट आडव्यानेच खाल्लं.

"मी आपला ओलांडून जातो," प्लंबर म्हणाला. त्याने एक पाय पलीकडे टाकला, दाराच्या मुठीला हात घातला, आणि नेमके तेव्हाच पाहुणे उठले. प्लंबर घोड्यावर बसल्यासारखा बसला. त्याला घेऊन पाहुणे संथपणे सोफ्यापर्यंत चालत गेले, तिथे जरासे झुकून त्याला उतरवलं आणि परत जाऊन दारात पडले.  बाळाने टाळ्या वाजवल्या.

सूनबाईने ताईंना फोन लावला.

"दारात ना? हो, तो तसंच करतो," ताई म्हणाल्या. "कळप वाड्यात आला की हा फाटकात झोपतो. आत येणाऱ्याला कधी अडवत नाही. बाहेर जाणाऱ्याला मात्र…"

"म्हणून त्या दोन घरांनी परत केला?"

"त्यांनी हेच सांगितलं होतं. मला वाटलं, कारणं काढतायत."

"मग उठवायचा कसा?"

"तो स्वतःचे निर्णय स्वतः घेतो," ताई अभिमानाने म्हणाल्या. सूनबाईने फोन ठेवला. इतका अभिमान तिला स्वतःच्या मुलाबद्दल वाटायचा, पण तो निदान उचलता तरी यायचा.

"वहिनी," प्लंबर सोफ्यावरून हळूच म्हणाला, "मला खाली जायला पाहिजे. व्हॉल्व्ह बंद करून आलोय."

"कुठला व्हॉल्व्ह?"

"पाण्याचा. तुमच्या एकट्याचा वेगळा नाही ना. आख्ख्या इमारतीचा."

तेवढ्यात बेल वाजली.

बेल वाजताच पाहुणे अदबीने उठून बाजूला झाले. नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "दार उघडलं की मी सटकतो," तो कुजबुजला. "खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडतो." त्याने दार उघडलं. दारात खालच्या मजल्यावरचे काका. अर्ध्या गालावर फेस, हातात वस्तरा.

"पाणी कुणी—" एवढंच ते बोलले. नवरा बाहेर झेपावला, पाहुणे मध्ये आले, काका आत ढकलले गेले आणि पाहुण्यांच्या पार्श्वभागाने दार बंद झालं. नवरा आतच होता. फक्त आता त्याच्या शर्टाला फेस लागला होता.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"पाहुणे," सासूबाई म्हणाल्या. "बसा. तो वस्तरा आधी वर ठेवा, बाळ आहे घरात."

हीच युक्ती पुन्हा करू नये, हे सूनबाईला कळत होतं. पण घड्याळाचा काटा सरकत होता आणि दुसरी युक्ती नव्हती. पुढची बेल वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंची होती. डोक्याला शाम्पू आणि त्यावर टॉवेल. या वेळी प्लंबर झेपावला. एक बाहेर काढायला जावं आणि एक आत यावा, असा सगळा हिशेब. बाईंनी सोफ्यावर प्लंबरशेजारी जागा करून घेतली आणि वरच्या पट्टीत सांगितलं, "डोळ्यात जातंय माझ्या."

"काका, खिडकीतून कुणाला तरी हाक मारा," सूनबाई म्हणाली.

"मी ओरडू?" काका दुखावून म्हणाले. "अर्ध्या दाढीने?"

मेंढीवाले साहेब आले तेव्हा घरात उभं राहायला जागा शोधावी लागत होती. पायात नवे कोरे गमबूट, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. सूनबाई आतून जिवाच्या आकांताने सांगत होती, "साहेब, आत येऊ नका. बाहेरच थांबा."

"काळजी करू नका, मला सवय आहे," साहेब म्हणाले आणि आत आले.

सवय नवीनच होती. साहेब बँकेतून निवृत्त झाले होते आणि मेंढ्या त्यांनी गेल्या हिवाळ्यात घेतल्या होत्या. त्यांनी पाहुण्यांसमोर उकिडवं बसून शिट्टी वाजवली. जिभेने टक् टक् केलं. छाती काढून 'चल' म्हणाले. पाहुण्यांनी त्यांच्या गमबुटावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले.

"व्हिडिओत असं होत नाही," साहेब म्हणाले. मग पाय सोडवायचा प्रयत्न करत जरा वेळाने, "असा असेल तर मला नाही जमणार हो. माझ्या मेंढ्यांना रोज चरायला बाहेर जावं लागतं."

 साहेबांनी नाही म्हटलं तर हा परत पिंजऱ्यात. आणि पिंजऱ्यात हा जेवत नाही. सूनबाई भिंतीला टेकली. खोलीत काका पाणी मागत होते, गाण्याच्या बाई डोळे चोळत होत्या, नवरा ऑफिसात फोनवर "कुत्र्यामुळे" हे सगळ्या पद्धतींनी सांगून बघत होता. या गोंधळात कुणाचं लक्ष नसलेली एक गोष्ट सूनबाईच्या लक्षात आली, कारण लक्ष ठेवणं हेच गेलं वर्षभर तिचं काम होतं. पाहुण्यांचा एक डोळा किंचित उघडा होता, आणि तो बाळावर नव्हता. ती टेबलापाशी गेली तर डोळा टेबलापाशी. खिडकीपाशी गेली तर खिडकीपाशी.

"साहेब, कळप सकाळी बाहेर कसा निघतो?"

"एक मेंढी पुढे असते. म्होरकी. ती चालायला लागली की बाकीच्या मागोमाग आणि कुत्रा शेवटी."

"मग आई, तू जा पुढे," नवरा लगेच म्हणाला. सासूबाईंना हे पटलं. त्यांनी पदर खोचला, घर आपल्या खांद्यावर उभं असल्याच्या थाटात दारापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "चला." पाहुण्यांनी जांभई दिली.

सूनबाईने पर्स खांद्याला अडकवली. बाळाला सासूबाईंच्या हातात दिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "चला."

पाहुणे उठले. अंग झाडलं आणि दारापासून बाजूला होऊन उभे राहिले.

 सासूबाई एकदा कुत्र्याकडे आणि एकदा सुनेकडे बघत होत्या. "म्हणजे या घरात हिचं चालतं?" त्यांनी शेवटी विचारलं. कुणाला विचारलं, ते कळलं नाही. नवऱ्याने हेल्मेट घालून काच खाली ओढून घेतली.

सूनबाईने दार उघडलं. उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. "आई, बाळाची टोपी—" म्हणत ती वळली, आणि तिच्या मागे निघालेले सगळे एकमेकांवर आदळले. पाहुण्यांनी दार ढकलून बंद केलं आणि पुन्हा आडवे झाले.

दुसऱ्यांदा ती उंबरा ओलांडून एक पाऊल बाहेर पडली. "दुधाची बाटली उकळून—" पुन्हा तेच. या वेळी काकांच्या पायावर साहेबांचा गमबूट पडला.

"अहो बाई," गाण्याच्या बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "तुम्हाला जायचंय की नाही, ते एकदा ठरवा."

सूनबाईला जायचं होतं. खुर्ची हवी होती, लाल पेन हवं होतं. पण बाळाच्या डोळ्यांसमोरून निघून जायचं, हे तिला जमतच नव्हतं.

सासूबाई पुढे आल्या. मघाचा राग अजून चेहऱ्यावर होताच. "हे बघ," त्या म्हणाल्या, "टोपी मला दिसते. बाटली मला उकळता येते. तुझा हा नवरा मीच वाढवलाय. तो काही फार बरा झाला नाही, पण जिवंत आहे. मागे बघू नकोस. नीघ."

तिने मागे बघितलं नाही. जिना उतरताना मान आखडली, पण बघितलं नाही. मागून नवरा, प्लंबर, काका, गाण्याच्या बाई, साहेब, आणि सगळ्यांच्या शेवटी पाहुणे असा तो तांडा खाली उतरला. प्लंबरने धावत जाऊन व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा इमारतीच्या सगळ्या मजल्यांवरून एकदम पाण्याचा आवाज आला.

ट्रकच्या मागे फळी लावलेली होती. पाहुणे फळीपाशी आले आणि थांबले. सूनबाईकडे बघत राहिले.

"म्होरकीमागे येतोय, म्हणजे मला जमेल. तुम्ही जरा वर चढता का?" साहेब म्हणाले. "म्हणजे तो चढेल."

ती इस्त्रीच्या कपड्यांनिशी गवताच्या पेंढ्यांत चढली. पाहुणे मागोमाग चढले, तिच्याभोवती एकदा फिरले, आणि ट्रकच्या मागच्या तोंडाशी आडवे झाले.

"आता मी उतरू कशी? दहाला छापखान्यात हजर व्हायचंय मला."

साहेबांनी टोपी सरकवून डोकं खाजवलं. "छापखाना आमच्या रस्त्यावरच आहे ना?"

दहाला काही क्षण बाकी असताना ट्रक छापखान्याच्या फाटकात उभा राहिला आणि साहेबांनी उतरून मागे फळी लावली. मॅडम फाटकातच होत्या, काखेत मुद्रितांचा गठ्ठा. त्यांनी ट्रक बघितला. ट्रकमधली सूनबाई बघितली. केसांतलं गवत बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला राग म्हणावं की धक्का, हे त्यांनाच ठरवता येत नसावं.

"उतर खाली."

"येता येत नाही, मॅडम."

"मशीन थांबलंय. शेवटच्या मुद्रितावर सही लागते. काय चाललंय हे?"

"सांगते मॅडम. पण तुम्ही वर येऊ नका. काही झालं तरी येऊ नका."

मॅडमना कुणी 'नका' म्हटलेलं चालत नसे. त्या फळीवर पाय ठेवून चढायला लागल्या तेव्हा पाहुणे अदबीने उठून बाजूला झाले. चढल्यावर परत आडवे झाले. मॅडमनी उतरायला पाऊल उचललं, खाली बघितलं आणि पाऊल तसंच परत ठेवलं.

"हा उठणार कधी?"

"मेंढ्या दिसल्या की उठेल," साहेब खालून खात्रीने म्हणाले. मग जरा कमी खात्रीने, "बहुतेक."

"मेंढ्या कुठे आहेत?"

"घरी. तासाभराचा रस्ता आहे."

ट्रक सुरू झाला. फाटक लहान होत गेलं. मॅडम बराच वेळ पाहुण्यांकडे बघत राहिल्या, मग एका पेंढीवर बसल्या, गठ्ठा सोडला आणि लाल पेन सूनबाईच्या हातात दिलं. "पान पहिलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या पानावर असताना सासूबाईंचा फोन आला.

"रडतोय का?" सूनबाईने आधी तेच विचारलं.

"छे गं. तू गेलीस तिकडे जरा बघितलं त्याने. मग खाल्लं, आता झोपलाय. टोपी घालून. तू पोचलीस का कामावर?"

सूनबाईने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि तिच्या केसांतली गवताची एक काडी काढून टाकली.

"हो आई," ती म्हणाली, "मॅडमसोबतच आहे. काम सुरूसुद्धा झालं."