चुकीच्या पत्त्यावर आलेली तहान

बाळगोंडा मगदूम यांची तहान मागच्या माघ महिन्यापासून इंदुमती तावडे यांना लागत होती.

मगदूम कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत भट्टीवर कामाला होते. इंदुमतीबाई पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन गगनबावड्याला राहत होत्या. दोघांची ओळख नव्हती.

सकाळी आठला बाईंच्या घशाला कोरड पडायची ती संध्याकाळपर्यंत. सोमवारी काहीच नसायचं. बाई तांब्यामागून तांब्या पाणी प्यायच्या, पण घसा होता तसाच राहायचा. पाय सुजले, डोकं जड झालं. एके दिवशी स्वतःच्या गावाचा पिनकोड आठवेना, तेव्हा मात्र त्या दवाखान्यात गेल्या.

डॉ. कारेकरांनी रक्त तपासलं. "सोडियम एकशे बावीस. इतकं पाणी प्यायलात की रक्तातलं मीठ पातळ झालंय. आता दिवसाला एक लिटर, त्यावर थेंब नाही."

"आणि तहानेचं काय?"

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. "ही तहान तुमची दिसत नाही."

"मग कुणाची?"

"ते रक्तात येत नाही."

बाई घाबरल्या नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी चुकलेलं टपाल मार्गी लावलं होतं. त्यांनी आठवडाभर तहानेच्या वेळा लिहून काढल्या. तहानेला तापल्या लोखंडाची आणि काळ्या वाळूची चव होती, हेही नोंदवलं. लोखंड आणि काळी वाळू म्हणजे ओतकाम; मग सोमवारी सुट्टी असणाऱ्या सतरा फौंड्र्यांना कार्डं टाकली : 'आपणाकडे तहान न लागणारा कामगार आहे काय? असल्यास कळवावे.'

एकच उत्तर आलं. 'आहे. मात्र काल भट्टीपुढे बेशुद्ध पडला.'

बाईंनी दुपारची एसटी पकडली.

मगदूम इस्पितळात सलाईन लावून पडले होते. शेजारी त्यांची बायको पद्मावती बसली होती. बाईंनी स्वतःची ओळख करून दिली आणि म्हणाल्या, "तुमची तहान माझ्याकडे आली आहे. ताब्यात घेता का?"

"खरं सांगू का बाई?" मगदूम म्हणाले. " ती नव्हती ते बरंच चाललं होतं. तहान लागली की भट्टी सोडून जावं लागतंय."

"आणि आता काय भट्टीवर हाईसा व्हय?" पद्मावती म्हणाली. "परवापासनं घरात कुणी घास खाल्ला न्हाई. गुमान घ्या ती तहान."

मगदूम यांनी पोचपावतीवर सही केली. तहान हलली नाही. अंगठा उठवला, तरी नाही. तिघं थोडा वेळ वाट बघत बसले.

"माल पोचत नसेल तर वर्दी पोचवता येते," बाई शेवटी म्हणाल्या. "फोन नंबर द्या."

मगदूम कामावर परतल्यावर बाईंचे फोन सुरू झाले. घशाला कोरड पडली की बाई कळवायच्या, 'तहान लागली, प्या.' पहिल्या दिवशी मगदूम नुसतं पाणी प्यायले आणि संध्याकाळी त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. घामातून मीठही जातं, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितल्यावर पद्मावती बाटल्यांत मीठ, साखर आणि लिंबू घालून देऊ लागली. मगदूम प्यायले की तिकडे बाईंचा घसा ओला व्हायचा.

फोरमनने एकदा हरकत घेतली. भट्टीवर फोन चालत नाही, म्हणाला. बाईंनी त्यालाच फोनवर बोलावून घेतलं.

"माझ्या घशाला कोरड पडली आहे आणि तुम्ही मध्ये उभे आहात."

फोरमनने बाटलीचं झाकण स्वतः उघडून दिलं.

महिन्याभरात दोघांचंही सोडियम जागेवर आलं. डॉ. कारेकरांनी बाईंच्या कागदावर लिहिलं : 'तहान परकी, नियमित.'

दिवाळीच्या सुट्टीत मगदूम नवरा-बायको गगनबावड्याला आले. गाडीत बसायला जागा मिळाली नव्हती, ऊन चांगलंच तापलं होतं. त्यांनी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या, ओठ सुकलेले. त्यांनी तांब्या मगदूम यांच्या हातात दिला. मगदूम तो एका दमात प्यायले.

पद्मावतीने बाईंकडे पाहिलं. "अजून देऊ का ह्यास्नी?"

"नको," बाईंनी पदराने तोंड पुसलं. "माझं भागलं."