टेपचा अँटेना आणि लाल खुंट्या

अँटेना बनवायला पैसे लागत नाहीत, अक्कल लागते. हे वाक्य मी गेल्या आठ महिन्यांत इतक्या जणांना ऐकवलंय की आता मी तोंड उघडलं तरी लोक घड्याळ बघतात. पण ते खरं आहे! आणि ती अक्कल माझ्याकडे आहे, असं मला परवाच्या शनिवारपर्यंत वाटत होतं.

मी देवेश. राहायला शेलारला, भिवंडीच्या कडेला. नोकरी राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझरची. आणि उरलेल्या वेळात मी हॅम. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, रीतसर परवाना काढून स्वतःच्या वायरलेस सेटवरून जगाशी बोलणारा माणूस. माझ्या बाबतीत फक्त शेवटचा भाग राहिला होता. परवाना होता, सेट होता, पण आठ महिन्यांत जगातला एकही माणूस माझ्याशी बोलला नव्हता. सेटमधून यायची ती नुसती खरखर.

दोष माझा नव्हे, जागेचा. कल्याणच्या पलीकडे एका टेकडीवर हॅम लोकांचं एक यंत्र बसवलेलं आहे. आपला आवाज त्याच्यापर्यंत पोहोचला की ते तो उचलून जिल्हाभर फेकतं. पण आमच्या घराभोवती तिन्ही बाजूंनी गोदामं उभी राहिलीत. आवाज जाणार कुठून? त्यासाठी चांगला अँटेना हवा. पहिला मी बायकोची कपडे वाळत घालायची दोरी काढून तिथे तांब्याची तार लावून केला. तिने त्यावर ओली चादर टाकली आणि प्रयोग संपला. दुसऱ्याला हॉलमधल्या पडद्याचा दांडा लागला. तेव्हापासून आमचा हॉल रस्त्यावरून दिसतो.

दिपाली तशी शांत बाई आहे. सोमवारी सकाळी ती चहा ठेवून समोर बसली आणि शांतपणेच म्हणाली, "रविवारी सकाळी दहापर्यंत एका तरी जिवंत माणसाने यातून उत्तर द्यायचं. नाहीतर दहा वाजून पाच मिनिटांनी भंगारवाला येईल. मी त्याला सांगून ठेवलंय."

माझ्याकडे सहा दिवस होते. मी हसलो, कारण तिसरा अँटेना माझ्या डोक्यात तयार होता. गोदामात मोजमापाची एक जुनी पोलादी टेप टाकून दिलेली होती, ती पिवळी, आकड्यांची. तिचे मी तुकडे केले, एक एकशे पाच सेंटीमीटरचा, एक एकोणनव्वदचा, दोन पंचेचाळीसचे. प्लंबरच्या पांढऱ्या पाइपवर ते आडवे बसवले. दिसायला तो थेट बोंबलाच्या काट्यासारखा झाला, पण आवाज काय ओढायचा! टेकडीवरचं यंत्र दर दहा मिनिटांनी पिप-पिप करतं, ते मला आठ महिन्यांत पहिल्यांदा ऐकू आलं.

आता फक्त याला उभा करायला नेमकी जागा शोधायची होती. दोन गोदामांच्या मधून टेकडी जिथून दिसते तिथे. त्याच संध्याकाळी मी ड्युटीवरून येऊन कानाला हेडफोन, हातात टेपचा अँटेना, काखेत वही, असा कापणी झालेल्या शेतातून फिरलो. सेटच्या पडद्यावर जिथे पाचच्या पाच काड्या दिसतील तिथे बांबूची खुंटी ठोकायची आणि खूण म्हणून दिपालीच्या जुन्या परकराची लाल चिंधी बांधायची. अंधार पडेपर्यंत सहा खुंट्या झाल्या. एका सरळ रेषेत! आमच्या फाटकापासून शेजारच्या केसरीनाथकाकांच्या शेतातून, माझ्या आत्याच्या म्हणजे आक्काच्या अंगणातून, थेट मुनीरभाईंच्या गोदामाच्या भिंतीपर्यंत. मी ती रेषा बघून खूश झालो आणि वहीत तिचा नकाशा काढला.

मंगळवारपासून लोक विचित्र वागायला लागले.

मुनीरभाई आमचे शेजारी. तीन पिढ्यांचे व्यापारी. माझी मोटारसायकल त्यांच्या शटरपुढे उभी राहते म्हणून तीन वर्षं माझ्याशी धड बोलले नव्हते. त्यांनी मला हाक मारून आत बसवलं, चहा मागवला, बिस्किटं मागवली आणि हळूच विचारलं की रुंदी किती. मी हात पसरून दाखवले, एवढी, मीटरभर. ते हसले. सांगायचं नसेल तर नका सांगू म्हणाले. मग म्हणाले, हे सगळं परवानगीने चाललंय ना? आता हॅमला हा प्रश्न विचारायचा म्हणजे काय! मी खिशातून परवान्याची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. केंद्र सरकारचा कागद, वर राजमुद्रा, खाली शिक्का. मुनीरभाईंनी तो दोन्ही हातांनी धरून वाचला, घाम पुसला आणि मला आणखी एक चहा पाजला.

हॅम लोकांना मान असतो असं मी पुस्तकात वाचलं होतं. तो इतका असतो हे मला माहीत नव्हतं.

बुधवारी माझं डोकं फिरलं. तिसऱ्या खुंटीवर सोमवारी पाच काड्या होत्या, आता एकही नाही. चौथीवर दोन. मी अँटेना उलटा धरून बघितला, आडवा धरून बघितला, सेटची बॅटरी बदलली. शेवटी पुस्तक काढून बसलो. त्यात हवेतल्या दमटपणाचा उल्लेख होता, म्हणून मी वहीत दमटपणा लिहायला लागलो. गुरुवारी रेषा आक्काच्या अंगणाला वळसा घालून गेलेली दिसली. हे मी कसं ठोकलं असेन? मला काही आठवेना. शुक्रवारी मी खुंट्या मोजल्या तर नऊ भरल्या. सहाच्या नऊ! परकर तर एकच होता. मी दिपालीला विचारलं, मला हल्ली विसरायला होतंय का? ती म्हणाली, हल्ली?

त्याच दिवशी केसरीनाथकाकांनी शेतात आंब्याची कलमं लावली. मार्च महिन्याच्या उन्हात, हाताहाताच्या अंतरावर चाळीस. मधोमध पत्र्याची एक शेडही उभी केली, चार लोखंडी खांब आणि वर नवाकोरा पत्रा. तो पत्रा बरोबर माझ्या टेकडीच्या आड आला. मी काकांना म्हटलं, पाणी नाही, पाऊस नाही, इतकी कलमं दाटीवाटीने कशाला?

"मना आंबा आवडतो," काका म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

शनिवारी दुपारी आक्का घरी आली. आक्का सत्तरीची, एकटी राहते. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात शेवग्याचं झाड. तिच्या हातात लाल चिंधीची खुंटी होती. ती तिने माझ्या मांडीवर ठेवली.

"देवेश, ही मी चार येळा उपटली. मुनीरच्या भिंतीशी नेऊन ठोकली. तो परत माझ्या दारात आणून ठोकतो. केसरी ओढतो त्या येगल्याच." ती खाली बसली. "तुझा सरकारी कागद हाय, मना म्हाईत हाय. पण रस्ता माझ्या घरावरनं नेऊ नको. भांडी बांधून ठेवलीत मी. कुठं जाऊ, तेवढं तरी सांग."

मी त्या खुंटीकडे बघत राहिलो. मोजमापाची टेप. वही. नकाशा. सरळ रेषेत लाल खुंट्या. राजमुद्रा. आमच्या भागात या गोष्टी एकत्र दिसल्या की त्याचा एकच अर्थ होतो, रस्त्याची मोजणी. ज्याला जमिनीची भरपाई हवी तो झाडं लावतो, शेड ठोकतो, खुंटी आपल्याकडे ओढतो. ज्याला गोदाम वाचवायचं असतं तो ती दुसऱ्याकडे सरकवतो. गावात लहान पोरालाही हे कळतं. मला कळायला आठवडा लागला, आणि तोपर्यंत ही बाई भांडी बांधून बसली होती! मला इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे वर बघू शकलो नाही.

मी तिला सगळं समजावलं. ती मान हलवत राहिली, पण जाताना खुंटी उचलून घेऊन गेली. मग मी संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं की मोजणी नाही, हा रेडिओ आहे. केसरीनाथकाका म्हणाले, मोजणीवाले असंच सांगतात. मुनीरभाईंनी चहा विचारला. शेवटी मी जाहीर केलं की रविवारी सकाळी नऊला सगळे हॅम टेकडीवरच्या यंत्रामार्फत गप्पा मारायला जमतात, तुम्ही या, तुमच्यासमोर माणूस बोलून दाखवतो. आता भंगाराचं मला काही वाटत नव्हतं. आक्काला तिची भांडी सोडायला लावायची, एवढंच डोक्यात होतं.

रविवारी पावणेनऊला अर्धा गाव जमला. पत्रा आड येत होता, म्हणून मी काकांच्या परवानगीने शेडवरच चढलो. पत्रा तापलेला, मी त्यावर गुडघे टेकून, हातात बोंबलाचा काटा. पाच काड्या! मी बटण दाबलं आणि कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं माझं सांकेतिक नाव, सांगितली. रविवार म्हणून सगळे अजून अंथरुणातच असावेत. नऊ वीसला पुन्हा. खरखर. साडेनऊला मी गयावया करायला लागलो, कोणी आहे का, प्लीज, कोणी तरी बोला. खाली माणसं शेंगदाणे खायला लागली. दहाला दहा कमी असताना भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि शेडच्या सावलीत उभा राहिला.

आणि दहाला पाच कमी असताना सेट बोलला.

"गुड मॉर्निंग. कल्याणहून बोलतोय. आवाज एकदम स्वच्छ येतोय तुमचा. अँटेना कुठला? लोकेशन काय? ओव्हर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू. आठ महिने! मी सेट उंच धरला, आवाज मोठा केला, म्हणजे आक्कापर्यंत पोहोचेल. मग सांगितलं की अँटेना घरी केलेला, टेपचा, आणि ठिकाण शेलार, भिवंडी.

मग आवाज आला, "शेलार? अरे वा! आमचे सासरे तुमच्या शेजारीच, टेमघरला असतात. कालच फोनवर सांगत होते, शेलारला मोठ्या रस्त्याची मोजणी चालू झालीय म्हणून, लाल खुंट्या ठोकल्यात. तुम्ही तिथेच आहात तर जरा बघून सांगा ना, कुठल्या बाजूने जातोय? ओव्हर."

खाली कोणी शेंगदाणा चावेना. मी बटण दाबून ओरडून सांगितलं की मोजणी नाही, त्या खुंट्या माझ्या आहेत. पलीकडचे गृहस्थ समजूतदारपणे म्हणाले की कळतं, हवेवर असं उघड बोलता येत नाही, सावकाश सांगा.

"कल्याणपर्यंत गेलं," केसरीनाथकाका म्हणाले आणि कलमांना पाणी घालायला निघून गेले. मुनीरभाई आधीच फोनवर कुणा वकिलाशी बोलत होते.

आक्का तेवढी जागची हलली नाही. तिने मला तापलेल्या पत्र्यावरून रांगत उतरताना बघितलं, गुडघे चोळताना बघितलं, आणि हातातली खुंटी भंगारवाल्याच्या गाडीवर टाकली. "मोजणीवाला असा न्हाय रडत," ती म्हणाली. "जाते मी. भांडी लावायची हायत."

दिपालीने भंगारवाल्याला परत पाठवलं. शब्दाची पक्की आहे ती. एक जिवंत माणूस बोलला होता, करार पूर्ण झाला. मग माझ्या जवळ येऊन हळू आवाजात तिने विचारलं, नक्की काही नाही ना? कल्याणच्या माणसाला कुणी खोटं कशाला सांगेल?

मी म्हटलं, काहीतरीच काय. खुंट्या मी ठोकल्या, परकर तुझा होता. पण ती विचारत होती ते अगदीच चुकीचं नव्हतं. सहा खुंट्या माझ्या. उरलेल्या तीन कुणी ठोकल्या, ते मला अजून कळलेलं नाही. दुपारी रस्त्यावर रोपवाल्याचा टेम्पो उभा होता. मी नुसता भाव विचारायला गेलो होतो. हापूसची चार कलमं घेतली. जागा आहेच मागे, वाया कशाला घालवायची!