मास्तरांचा वेगळा अँप्लिफायर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. इनास मास्तरांच्या हॉलमध्ये जो काळा, अठरा किलोचा पॉवर अँप्लिफायर आहे, ज्याचा निळा दिवा बघायला वसईतलं आमचं अर्धं सांडोर गाव येऊन गेलं, ज्याच्यावर फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, तो गेली दोन वर्षं, एक संध्याकाळ सोडली तर, एकही सूर वाजवत नाही. नुसता पेटतो. हे फक्त मला माहीत आहे, कारण तो जोडायचं काम माझ्याकडे होतं.

मास्तर दर शनिवारी चर्चमध्ये कन्फेशनला जातात. एकदा मी विचारलं, "मास्तर, या वयात पापं तरी कसली करता?"

"शेजारच्या वाडीतल्या पंपाबद्दल वाईट विचार येतात," ते म्हणाले.

आमच्या मालवणकडच्या लोकांत ही सोय नाही. आम्ही गोष्ट पोटात ठेवतो आणि तिचं पित्त होतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

मास्तर म्हणजे निवृत्त भूगोलशिक्षक. वय शहात्तर, गुडघे त्याहून मोठे. त्यांचं कौलारू घर आणि आमची चार मजली इमारत यांच्यामध्ये केळीची एक वाडी आहे. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ते दारात उभे राहिले. आम्हाला वाटलं, स्वागताला आले. हातात वाडीतली केळीही होती. केळी बायकोच्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "तुमचा मिक्सर किती वाजता लागतो?"

"सकाळी," बायको म्हणाली.

"संध्याकाळी सव्वासहा ते सात लावू नका. आवाज नैर्ऋत्येकडून येतो."

मग मला घेऊन गेले, त्यांचं होम थिएटर दाखवायला.

त्या हॉलमध्ये पाऊल ठेवलं की माणूस नकाशात शिरतो. पूर्वेच्या भिंतीला टीव्ही, त्याच्या दोन बाजूंना दोन उंच स्पीकर, मागच्या कोपऱ्यांत दोन लहान, आणि कोपऱ्यात घुमणारं एक खोकं. भिंतींना केळीच्या वाळक्या सोपटांच्या जाड चटया ठोकलेल्या, आवाज आपटू नये म्हणून. सगळ्या स्पीकरांच्या बरोबर मध्ये वेताची एक खुर्ची. तिचं नाव राजधानी. बाकीच्या खुर्च्या म्हणजे जिल्ह्याची ठिकाणं. मला दिलेलं स्टूल तालुक्याचं होतं, आणि बारा वर्षांत माझी बढती झाली नाही.

राजधानीत रोझीकाकी बसायच्या, मास्तरांच्या बायको. मांडीवर परात, परातीत वालाच्या शेंगा. मास्तर एखादा स्पीकर दोन बोटं सरकवायचे, तेच संगीत पुन्हा लावायचे आणि म्हणायचे, "फरक सांग."

काकी शेंगेवरची नजर न उचलता म्हणायच्या, "हां. लय फरक."

मग माझ्याकडे वळायचे. "मोहन, तू सांग. अंदाजपंचे नको. दिशा सांग."

पहिल्या दिवशी मी खरं बोललो. "मला काही फरक कळला नाही, मास्तर." त्यांनी तोच तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. मास्तरांच्या दृष्टीने न कळणं हा गुन्हा नव्हता, अपुरा सराव होता. तिसऱ्या दिवशी माझ्या घरी पाहुणे यायचे होते. मी म्हणालो, "आहे, फरक आहे. वायव्येला जरा मोकळं वाटतंय."

मास्तरांनी माझा हात हातात घेतला. "तुझे कान देवानं फुरसतीत केलेत रे."

झालं. तेव्हापासून सांडोरात माझ्या कानांचा लौकिक झाला. खरं तर मला प्रेशर कुकरची शिटीसुद्धा बायको मोजून सांगते.

सिनेमा बघायला बोलवायचे, पण सिनेमा कधी संपला नाही. एका रहस्यपटाची तीच सहा मिनिटं मी निदान शंभर वेळा ऐकली असतील. खून कुणी केला ते मला आजही माहीत नाही. खुनाच्या वेळी दार आग्नेयेला वाजतं, एवढं खात्रीनं सांगू शकतो.

चार वर्षांपूर्वी रोझीकाकी गेल्या. साधं दुखणं म्हणून दवाखान्यात गेल्या आणि आल्या नाहीत. दोन महिने सव्वासहाला मास्तरांच्या घरातून काहीच ऐकू येईना. शेजारच्या वाडीवाल्यानं तर मला विचारलं, "मास्तर बरे आहेत ना? पंप चालू ठेवला तरी ओरडत नाहीत."

मग एका संध्याकाळी हाक आली. मी तालुक्याला जाऊन बसलो. राजधानी रिकामी होती. मास्तर तिच्या बाजूच्या खुर्चीत. त्यांनी एक जुनी कॅसेट लावली. गावच्या सणाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेला, त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेली, तिथल्या बायकांच्या गायनाची.

"बावीस बाया आहेत," ते म्हणाले. "तिसऱ्या रांगेत रोझी. तिचा वेगळा आवाज आपल्याकडं कुठंच नाय. लग्नाच्या शूटिंगमध्ये नाय, फोनमध्ये नाय. कॅमेरा दिसला की गप्प बसायची. हीच एक कॅसेट. पन बावीस बायांत ती कुठं आहे, सापडत नाय."

मीही ऐकलं. मला बावीस बायका म्हणजे एकच मोठी बाई वाटली.

तिथून त्या अँप्लिफायरचा ध्यास सुरू झाला. त्यांच्याकडे होता तो रिसीव्हर, म्हणजे सगळं एकाच डब्यात करणारं यंत्र. मास्तरांनी मला ते वर्गात शिकवावं तसं समजावलं. "रिसीव्हर म्हणजे घरचा कर्ता माणूस. हिशेबही तोच ठेवतो आणि पोतीही तोच उचलतो. दमतो बिचारा. बाया एकमेकींच्या अंगावर पडतात ते त्यामुळं. डोकं त्याचं राहू दे. पोती उचलायला वेगळा गडी पायजे." हा गडी म्हणजे पॉवर अँप्लिफायर. रिसीव्हरकडून बारीक वायरीनं नुसता निरोप न्यायचा, आणि स्पीकरच्या वायरी रिसीव्हरच्या पाठीतून काढून गड्याच्या पाठीत लावायच्या. एवढंच.

एवढंच माझ्याकडून झालं नाही.

गडी वसई स्टेशनहून रिक्षातून आला, मास्तरांच्या मांडीवर. उतरल्यावर अर्धा तास त्यांना चालता येईना. मी म्हणालो, "जोडूया?" तर मास्तर हादरले. "फादरच्या आशीर्वादाआधी करंट द्यायचा नाय." घर घेतलं, स्कूटर घेतली, विहीर उपसली, सगळ्याला आशीर्वाद झाला होता. गड्यालाही झालाच पाहिजे. रविवार ठरला. कॅसेटवरच्या बावीस बायकांतल्या ज्या नऊ उरल्या होत्या, त्यांना आमंत्रण गेलं. त्या आल्या, सणाची लुगडी नेसून, आणि जिल्ह्याच्या सगळ्या ठिकाणी बसल्या. राजधानीत बसायला कुणी गेलं नाही. कुणाला सांगावंही लागलं नाही.

फादर तरुण होते. मंत्र म्हणताना त्यांची नजर एकसारखी सोपटांच्या चटयांकडे जात होती. पाणी शिंपडायची वेळ आली तशी मास्तरांनी गड्यावर पटकन प्लॅस्टिक टाकलं. "फादर, आशीर्वाद आत जातो. पानी जाऊ नये." फादरांनी मान्य केलं.

मग मी कपाटामागे शिरलो. आधी कुणीतरी प्रेमानं हातात दोन सुकेळी दिली होती. वसईची सुकवलेली केळी ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना कळेल; गूळ परवडला, पण ती बोटांना सोडत नाहीत. निरोपाची वायर लावली. गड्याला वीज दिली. निळा दिवा लागला, बाहेर बायकांनी "आहा" केलं. आता स्पीकरच्या चार वायरी काढायच्या होत्या. रिसीव्हरची वायर आवळणारी बोंडं बारीक, माझी बोटं चिकट. बोंड फिरेना, बोटच फिरे. आणि बाहेरून मास्तर, "झालं काय? फादरना अजून दोन घरं आहेत!"

"झालं!" मी म्हणालो.

मनात होतं, फादर गेले की दोन मिनिटांत बदलीन. स्पीकर अजून रिसीव्हरलाच जोडलेले होते, त्यामुळे वाजायला काहीच अडचण नव्हती. मास्तरांनी कॅसेट लावली. बायका गायला लागल्या, तरुण आवाजात, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायका कान देऊन पुढे वाकल्या. एवढ्यात कतरीनमावशींनी हात वर केला. त्या तेव्हाच्या पहिल्या रांगेतल्या.

"थांबा. आता रोझी शिरेल. आमच्या आधी शिरायची, कायम. किती ओरडा खाल्ला तिनं."

आणि खरंच, सगळ्या बायकांच्या अर्धा श्वास आधी एक आवाज शिरला. जाडसर, उतावळा. क्षणभरच. मग बाकीच्यांनी त्याला पोटात घेतलं.

मास्तरांनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा तो आवाज. पुन्हा मागे.

"सापडली," ते म्हणाले. मग फादरांकडे वळून, "फादर, फरक सांगा."

"आहे, मास्तर. फार फरक आहे," फादर म्हणाले.

मी कपाटामागून बाहेर आलो तेव्हा मास्तर मला मिठी मारून रडत होते, आणि माझे चिकट हात त्यांच्या सणाच्या शर्टाला लागू नयेत म्हणून मी ते हवेत धरून उभा होतो. त्या वेळी मी काय सांगायला हवं होतं?

दोन मिनिटांचं काम दोन दिवसांवर गेलं, मग दोन महिन्यांवर. मास्तर रोज सव्वासहाला ती कॅसेट त्या एका जागी आणून लावत. येईल त्याला गड्याचं कौतुक सांगत. गड्याचा खरा उपयोग एकालाच होत होता, त्यांच्या मांजराला. ते त्याच्या उबेवर झोपायचं.

शेवटी एका रविवारी मास्तर मिस्साला गेले असताना मी किल्लीनं घर उघडलं. आमच्याकडे त्यांची एक किल्ली असते. हात साबणानं दोनदा धुतले. मांजराला उठवलं. चारही वायरी रिसीव्हरमधून काढून गड्याला लावल्या. म्हटलं, फिटलं. आता खोटं काही उरलं नाही.

संध्याकाळी हाक आली. मास्तरांनी कॅसेट लावली. थांबवली. पुन्हा लावली.

"मोहन, काहीतरी झालंय. रोझी काल पुढं होती. आज खांबामागं गेली."

मी ऐकलं. मला काल आणि आज एकच होतं.

"नीट ऐक. ती मागं सरकली." त्यांचा हात वेताच्या खुर्चीच्या पाठीवर होता. "कशामुळं रे?"

"वायर सैल असेल," मी म्हणालो. "बघतो." आणि कपाटामागे जाऊन मी चारही वायरी पुन्हा रिसीव्हरला लावल्या.

"आली," मास्तर म्हणाले. "आली बघ. मोहन, तू नसतास तर माझं काय झालं असतं?"

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि ती फार जड आहे. मास्तरांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं. सांडोरात खरे कान एकाचेच आहेत, आणि ते माझे नाहीत.

हे सगळं मी पोटात ठेवून आणखीही राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात मी नेहमीसारखा स्टुलावर बसायला लागलो, तर मास्तर म्हणाले, "तिथं नको. इथं बस." आणि वेताची खुर्ची दाखवली.

"मास्तर, ती काकींची."

"बस म्हनतो ना."

मी बसलो. वेत एका बाजूनं खचलेला होता, काकी परात ठेवायच्या त्या बाजूनं. मास्तर माझ्या स्टुलावर बसले. कॅसेट लावली नाही. बराच वेळ पंपाचा आवाज ऐकत राहिले आणि चिडलेही नाहीत.

मग म्हणाले, "रोझी माझ्याशी चाळीस वर्षं खोटं बोलली. तिला काय एक फरक कळत नव्हता. मला पहिल्याच वर्षी म्हायत झालं होतं. मी एकदा स्पीकर न हलवताच विचारलं, फरक सांग. तर म्हणाली, हां, लय फरक."

मी हसलो. तेही हसले.

"मी कधी बोललो नाय. शेंगा सोलायला सैपाकघर होतं की तिला. पन ती इथं येऊन बसायची." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं तसं नाय. तू सांगतोस ते खरं असतं. म्हणून म्हटलं, ही जागा तुझी. सिलूलापन फोनवर सांगून ठेवलंय, माझ्यामागं हे सगळं मोहनकडं जाईल. त्याला कळतं."

सिलू म्हणजे त्यांची मुलगी, कॅनडात असते.

सात वाजता चर्चची घंटा झाली. मास्तरांनी क्रूसाची खूण केली आणि रोजरीची जपमाळ म्हणायला देव्हाऱ्याकडे गेले. मी खुर्चीतच बसून राहिलो. समोर निळा दिवा जळत होता, वर मांजर झोपलं होतं.

आता मी रोज त्या खुर्चीत बसतो. मास्तर विचारतात, "फरक सांग." मी म्हणतो, "लय फरक."

लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळतं. मास्तरांना बारीक अक्षर दिसत नाही. हे त्यांनी कधी वाचायचं म्हटलं, तर वाचून दाखवायला ते मलाच बोलावतील. म्हणून इथे फक्त नोंद करून ठेवतो. त्या रविवारी कपाटामागून मी "झालं" म्हणालो, ते झालं नव्हतं. हे मास्तरांच्या समोर बसून, त्यांच्या तोंडाकडे बघून सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.