भोयरजींचे ब्लॉक

भोयरजींकडे कोणाचाही फोटो मागितला की ते आधी विचारायचे, "हसून राह्यला पायजे का चूप?"

आमच्या नागपूरच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत नवखा माणूस या प्रश्नाने गडबडून जाई. उपसंपादक घाईघाईत येऊन म्हणे, "महापौरांचा ब्लॉक द्या." भोयरजी चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "पहिले मामला सांग." मामला म्हणजे बातमी. पाणीटंचाई असेल तर हसरे महापौर मिळत नसत, आणि नळाच्या उद्घाटनाला गंभीर महापौर ते देत नसत.

तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांची होती. फोटो छापायचा तर त्याचा जस्ताचा ठसा करून लाकडी ठोकळ्यावर बसवत. त्याला ब्लॉक म्हणत. पुन्हा लागतील म्हणून हे ब्लॉक भिंतभर खणांत ठेवलेले असत, आणि त्यांचे राखणदार दौलतराव भोयर. काटोलकडचे, साठीला टेकलेले, कायम काळ्या बोटांचे. खणांवर त्यांनी खडूने लिहून ठेवलं होतं: हसरे. चूप. हारवाले. माईकवाले. रागीट. त्यांना डोळे मिटूनही सगळं सापडे. अडचण एवढीच की दुसऱ्या कोणाला काही सापडत नसे. ते जेवायला गेले की पान अडून बसे.

सत्तर सालानंतर कधीतरी मुंबईहून कारखानीस नावाचे नवे व्यवस्थापक आले. पान लवकर छपाईला सुटलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यांनी 'कार्ड पद्धत' काढली. प्रत्येक ब्लॉकला नंबर, प्रत्येक नंबराचं एक कार्ड, आणि कार्डं नावाप्रमाणे लावायची. त्याचं तीन पानी टिपण मीच टाइप केलं होतं, कारण मी टाइपिस्ट. म्हणून कामही माझ्याच गळ्यात पडलं. टिपण मला टाइप करताना कळलं नव्हतं आणि नंतर वाचूनही कळलं नाही.

"हे काहून करायचं वं पोरी?" भोयरजींनी विचारलं.

"लवकर सापडावं म्हणून."

"मले तं लवकरच सापडते."

"बाकीच्यांना सापडावं म्हणून, भोयरजी."

"मंग त्यायले सांग ना, मले विचारा म्हणून."

आम्ही कामाला लागलो. ते ठोकळ्यांवर इंग्रजी आकडे रंगवत, मी कार्डं बडवत असे. आमदारसाहेब 'आ'मध्ये का आडनावात? आडनावात, मी म्हटलं. आणि ज्यांचं आडनाव कोणाला ठाऊकच नाही असे महाराज? त्यांची कार्डं मी वेगळी काढून ठेवली. आठवडाभराने लक्षात आलं की मी प्रत्येक नावाआधी आदराने 'श्री.' टाइप केलं होतं, आणि त्यामुळे निम्मं नागपूर 'श' अक्षराखाली जमा झालं होतं. कार्डं पुन्हा केली.

पद्धत सुरू झाली आणि चौथ्याच दिवशी एक प्राचार्य वारले. कार्डावर नंबर 66. छापखान्याच्या फोरमनने ब्लॉक काढून पानात बसवला. बाहेरगावी जाणारी संध्याकाळची डाक आवृत्ती निघायच्या बेतात होती. प्रूफ आलं, तर 'शोकाकुल वातावरणात' या ओळीवर खांद्यावर गदा घेतलेला एक पैलवान मनापासून हसत होता.

कारखानीस धावत खाली आले. "नंबर चुकलाच कसा?"

भोयरजींनी ठोकळा हातात घेऊन फिरवला. "असा धरला तं सहासष्ट, साहेब. असा धरला तं नव्याण्णव. पैलवान कसा धरावा, ते तुमच्या पद्धतीत कुठं हाये?"

कारखानीसांनी टिपणाची पानं चाळली. फोरमन माझ्याकडे पाहत होता, मी कार्डाकडे. भोयरजी शांतपणे नव्याण्णवच्या जागेशी गेले. "पैलवान मास्तरच्या घरी बसला, तं मास्तर पैलवानाच्या घरी असन." प्राचार्य तिथेच सापडले. पान वेळेवर सुटलं. दुसऱ्या दिवशी नंबरांखाली रेघ मारायचं ठरलं आणि कार्डावर एक नवा रकाना आला: मामला. तो शब्द कारखानीसांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला. अर्थ मात्र मला बाजूला घेऊन विचारला.

शेवटी राहिला सगळ्यात खालचा खण. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आत लहान, एका रकान्याचे ब्लॉक होते.

"हे कोणाचे?"

"हरवलेल्यायचे," भोयरजी म्हणाले. "त्यायले नंबर नको देऊ."

'हरवला आहे'च्या जाहिरातींतले चेहरे होते ते. पुन्हा न लागणारे ब्लॉक मोडीत काढावेत, असं टिपणात स्पष्ट होतं. भोयरजी म्हणाले, "घरी आला का मी काढून टाकतो ना."

"आला, हे तुम्हाला कसं कळतं?"

"जाऊन विचारतो. मंगळवारी मले सुट्टी राह्यते."

टिपणातलं ते वाक्य आपण वाचलंच नाही, असं मी ठरवून टाकलं. मग भोयरजी म्हणाले, "कोराडीले चालतं का एक डाव? तिथं एक माय हाये, तिचा पोरगा अशोक हरवला. माह्यासंग जास्त बोलत नाही, नुसती रडते. तू बाईमाणूस."

मी रजा टाकली. वीज केंद्राच्या वसाहतीतलं घर, दारात वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा पातळ थर. बाईंनी चहा ठेवला.

"काही समजलं का भाऊ?"

"नाही बाई. इकडं?"

"नाही."

भोयरजींनी चहा बशीत ओतला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "कसा होता अशोक?"

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि तासभर बोलत राहिल्या. कुत्र्यांना भ्यायचा. अंघोळीचा कंटाळा. सायकल शिकताना शेजाऱ्यांची तुळस मोडली, आणि आपल्याच घरची कुंडी गुपचूप त्यांच्या दारात ठेवून आला. सांगता सांगता त्या हसल्यासुद्धा. भोयरजी बशीकडे पाहत बसले होते. निघताना त्या त्यांना म्हणाल्या, "भाऊ, येत जा. घरात नाव काढलं का हे चिडतात. तुमी आले का मले त्याचं नाव घेता येते."

बसथांब्यावर भोयरजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "इतकी वर्सं मी 'आला का' एवढंच विचारून राह्यलो वं. कसा होता, हे विचारलंच नाही."

पुढच्या मंगळवारी ते एकटेच कुठेतरी गेले. बुधवारी सकाळी कचेरीत आल्या आल्या माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"कामठीचे ते आजोबा, खालच्या खणातले," ते म्हणाले, "पत्त्यात हरले का रडी खायचे म्हणते त्यायची सून." आणि काही काम नसताना तिथेच उभे राहून त्या आजोबांच्या आणखी गोष्टी सांगत राहिले.