माझ्या हिरडीचे राखणदार

रोज सकाळी दूध तापायच्या आत जयंतीभाई टॉर्च घेऊन आमच्या फाटकाशी उभे राहत आणि म्हणत, "मास्तर, मों उघडा."

मी उघडत असे. भरलेला वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारा मी, लुंगीवर, भर रस्त्याकडे तोंड करून आ वासत असे. दूधवाला सायकल थांबवून बघायचा.

जयंतीभाई आमचे घोलवडचे शेजारी. त्यांची चिकूच्या कलमांची नर्सरी. रायणीच्या रोपावर चिकूची फांदी बांधून त्या दोघांचं एक झाड करण्यात त्यांचा जन्म गेला. डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी पडलेल्या दाढेच्या जागी माझ्या जबड्यात स्क्रू बसवलाय आणि वर छोटी टोपी चढवलीय, हे कळताच त्यांनी जाहीर केलं, "हे तर कलमच झालं ने!" आणि माझी हिरडी परस्पर ताब्यात घेतली.

बाईंनी मला बजावलं होतं, "टोपीभोवती हिरडीने घट्ट धरलं पाहिजे. तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतील, तेव्हा ती भरून येईल. नाही धरली तर स्क्रू काढावा लागेल." ते ऐकून मी इतका घाबरलो, की धरली का, धरली का म्हणून सारखी जीभ लावून बघू लागलो. जयंतीभाईंनी ते लगेच ओळखलं. "गाल हलतोय, मास्तर! पट्टी सोडून बघणाऱ्याचं कलम कधी लागतं काय? शांती राखा. रस चढू द्या."

शांती त्यांना स्वतःलाच नव्हती. हिरडी लालसर दिसली त्या दिवशी ते नाचायचेच काय ते राहिले. "पालवी! नवी पालवी तांबूसच येते!" त्यांनी फोटो काढून चिकूवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. गंजाडहून कुणीतरी विचारलं, "कालीपत्ती जातीचा चिकू आहे का?" सरावलीच्या एका लग्नात तर त्यांनी मला भर पंगतीत आ करायला लावलं. मी केला. समोरच्या बाईंनी जिलबी परत ताटात ठेवली.

मग कलमाच्या सांध्याला लेप हवा, म्हणून एकदा ते हळद आणि मध खलून घेऊन आले. शेणमाती आणली नाही, हे उपकारच. 'नको' म्हणायला हिंमत लागते आणि ती ऐन वेळी माझ्याकडे कधीच नसते. दुसऱ्या दिवशी माझा गाल टम्म फुगला.

डॉक्टरीणबाईंनी लेप धुऊन काढला आणि करड्या आवाजात विचारलं, "हे कुणी लावलं?"

"मीच," मी म्हणालो.

सोबत आलेले जयंतीभाई रडवेले झाले. "मी लावला, बेन. माझ्या हाताने मेलं काय हो?"

"मेलं काही नाही. रक्त पोहोचतंय तिथे. आता कृपा करून दोघांनीही हात लावू नका."

आम्ही लावला नाही. हिरडी धरली, गुलाबी आणि घट्ट. दाढ बसली त्या संध्याकाळी जयंतीभाई सुक्या चिकूच्या चकत्या घेऊन आले. मी नव्या दाढेखाली एकेक चावून दाखवत होतो. ते मात्र एकच चकती गालात धरून केव्हापासून चघळत बसले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडात पाहिलं. डाव्या बाजूला एकही दाढ नव्हती.

"अहो, मग तुम्ही का नाही बसवून घेतल्या?"

"बेननी सांगितलेलं, आमची घरवाली सविता होती तेव्हा. ती बोलली, बसवून घ्या, मी रोज बघत जाईन. मग तीच गेली." ते हसले. "आपल्या मोंमधलं आपल्याला दिसत नाय, मास्तर. आता रोज कोण बघणार?"

फार वाईट वाटलं. मी फोन उचलला आणि त्यांच्यासमोरच दवाखाना लावला. जयंतीभाई "नको, नको" करत राहिले. पलीकडच्या मुलीने नाव लिहून घेतलं, वेळ दिली आणि विचारलं, "पेशंटसोबत घरचं कोणी आहे का?"

"आहे ना," मी म्हणालो. "मी आहे."