फाळक्याची खिट्टी

गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा बसम्मा अंगणात पापड वाळत घालत होत्या. निळी, दोन दारांची, जवळपास त्यांच्या लग्नाच्याच वयाची हेराल्ड. चकलांब्याच्या देशमुखांनी नवी मारुती घेतली, तेव्हापासून ही बिचारी गोठ्यात कडब्याशेजारी पडून होती आणि तिथंच बसम्मांच्या नवऱ्याचा, गुरुपाद आप्पांचा जीव तिच्यावर जडला. परळीत भांड्यांचं दुकान चालवणारा हा हिशेबी माणूस त्या दिवशी दुकान उघडायचंही विसरला.

बसम्मांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "ही बी ढकलायचीच का?"

त्यांचं चुकत नव्हतं. आप्पांच्या स्कूटरला चढ दिसला की धाप लागायची. आप्पा मागं न बघता "उतर गं जरा" म्हणायचे आणि बसम्मा पदर खोचून ढकलायला लागायच्या. नेकनूरला माहेरी जाताना अंबाजोगाईचा घाट त्यांनी निम्मा बसून आणि निम्मा ढकलून पार केला होता. माहेरच्या दारात त्या कधी नीटनेटक्या पोचल्याच नव्हत्या.

"नेकनूरला माज्या भावाच्या, मृत्युंजयच्या वास्तुशांतीला हिच्यातनं जाऊ," बसम्मा म्हणाल्या. "दारापर्यंत मला एकदा बी उतरावं लागलं न्हाई, तर ठेवा. उतरावं लागलं, तर गाडी चकलांब्याला परत."

आप्पांनी हो म्हटलं खरं, पण रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही.

सकाळी ते बिभीषणकडे गेले. बिभीषण ट्रॅक्टरचा मिस्त्री.

"बारीकसारीकच काम हाय," आप्पा म्हणाले. "हॉर्न वाजत न्हाई, अन् डावीकडचं दार धरत न्हाई."

"आप्पा, हिचे पार्ट आता मुंबईत बी मिळायचे न्हाईत. पन तुमी घाबरू नका. माज्याकडं हाय ते बसवतो."

त्याच्याकडं जे होतं ते सगळं ट्रॅक्टरचं होतं. त्यानं ट्रॅक्टरचा हॉर्न बसवला आणि बटण स्टिअरिंगच्या चाकावर मावेना म्हणून समोरच्या फळीवर मधोमध ठोकलं. दाराला उसाच्या ट्रॉलीच्या फाळक्याची, म्हणजे मागच्या झडपेची लोखंडी खिट्टी लावली, तीही बाहेरून.

बसम्मांनी विचारलं, "आतून उघडत कावून न्हाई हे?"

"काकू, ऊस कधी आतून उघडतो का?"

वास्तुशांतीच्या दिवशी गाडीनं कमाल केली. घाटात एसटीच्या मागं लागून ती न थांबता वर आली. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. बसम्मांची इरकल साडी अजून कडक होती. केजही मागं पडलं. आणि नेकनूरच्या भर बाजारात, माहेरचं घर नजरेच्या टप्प्यात असताना, गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली.

सवयीनं आप्पांच्या तोंडून निघून गेलं, "उतर गं जरा."

"झालं! सोडा आता चकलांब्याला," बसम्मा म्हणाल्या. "उघडा दार, उतरते मी."

आप्पा पडल्या चेहऱ्यानं डावीकडं गेले. रस्त्याच्या खड्ड्यांनी खिट्टी वाकली होती. त्यांनी ओढली, लाथ मारली, पण ती जागची हलेना. शेजारून ट्रॅक्टर घेऊन चाललेला अंगद थांबला.

"ही तर फाळक्याची खिट्टी! हातोडीबिगर न्हाई निघत. ऊस असता तर वरनं काढला असता. मावशी, तिकडच्या दारानं या की."

"गिअरच्या दांड्यावरून? भर बाजारात? मी ह्या गावची लेक हाय," बसम्मांनी ठणकावलं.

मग दुसरा इलाज नव्हता. आप्पांनी धोतर खोचलं, खिडकीतून एक हात चाकावर ठेवला आणि खांदा लावला. मागून अंगद आणि चार भाजीवाले. गाडी हलली. भाजीवाल्या केशरबाईनं खिडकीतून डोकावून ओरडून सांगितलं, "अगं, बसम्मा हाय! आपली बसम्मा!" मग काय, बायका गोळा झाल्या. कुणी खिडकीतून कुंकू लावलं, कुणी ओंजळभर बोरं आत टाकली. समोर म्हैस आडवी आली तेव्हा बसम्मांनी फळीवरचं बटण दाबलं. असा काही भोंगा वाजला की म्हैस, गिऱ्हाईकं, सगळीच बाजूला झाली. पुढं वाट मोकळी होती, तरी बसम्मांनी तो आणखी तीनदा वाजवला.

माहेरच्या दारात मृत्युंजयनं गवंड्याची हातोडी आणून खिट्टी उडवली. बसम्मा उतरल्या. साडीची घडी मोडली नव्हती. आप्पा मात्र नखशिखांत घामानं निथळत, बॉनेटला टेकून धापा टाकत होते.

"उद्या सोडून येतो चकलांब्याला," ते कसेबसे म्हणाले.

"कावून? मला कुठं उतरावं लागलं?" बसम्मांनी पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. "इतकी वर्सं झाली. आज पैल्यांदा मी बसले अन् तुमी ढकललं. लई बरं वाटलं, बघा."

एवढ्या वर्षांत घाटात आपण एकदाही मागं वळून पाहिलं नाही, हे आप्पांना आत्ता कळलं आणि फार वाईट वाटलं.

जेवणं होईपर्यंत अंगदनं पेट्रोलची नळी फुंकून साफ केली आणि दाराला नवी खिट्टी घातली. निघताना सगळं घर दारात आलं. आप्पांनी चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

बसम्मांचा चेहरा किंचित उतरला. बाजाराकडं बघत त्या पुटपुटल्या, "लगेच सुरू झाली व्हय?"

आप्पांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग चावी उलटी फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि धोतर खोचलं.